रूममेट वुहानची आहे आणि दिवसेंदिवस मिटत चालली आहे

ताई,

मी साताऱ्याची. इंडियानातल्या एका विद्यापीठात एमएस करते आहे, एक वर्ष झालं. माझी रूममेट वुहानची, संख्याशास्त्र शिकते. आमचं छान जमायचं. सकाळी ती तिळाचं वाटण घालून तिच्याकडच्या नूडल्स करायची, मी पोहे करायचे.

फेब्रुवारीत तिचे आजोबा कोरोनाने गेले. सेमिस्टर बिघडू नये म्हणून आईवडिलांनी तिला ते एप्रिलमध्ये सांगितलं. तेव्हापासून ती दिवसा झोपते आणि रात्रभर जागी असते. जेवण म्हणजे इन्स्टंट नूडल्सचं एक पाकीट. सारखं डोकं दुखतं, पोट दुखतं. मार्चमध्ये ग्रोसरीच्या दुकानाबाहेर पार्किंगमध्ये एक माणूस तिच्यावर ओरडला होता, ‘तुझा व्हायरस घेऊन परत जा.’ त्यानंतर ती एकटी बाहेर पडत नाही. घरी जायचं तिकीट तीनदा रद्द झालं. मी दोनदा काउन्सेलिंगचं सुचवलं, तर म्हणाली, मला वेड लागलेलं नाही. परवा भांडी घासताना म्हणाली, ‘मी नसते तर सगळ्यांचंच सोपं झालं असतं.’ मला काही बोलताच आलं नाही.

त्यात गलवानला भारत-चीनची चकमक झाली. माझा आतेभाऊ सैन्यात आहे. बाबा रोज फोनवर सांगतात, त्या मुलीबरोबर राहू नकोस, घर बदल. आमची लीज ३१ जुलैला संपते. इथल्या मराठी ग्रुपवरही ‘अजून तिच्यासोबतच का?’ अशी चेष्टा चालते. तिला सोडून जावंसं वाटत नाही, पण हे सगळं मला एकटीला पेलेल असंही वाटत नाही. काय करू?

तुमची एक वाचक, इंडियाना
जुलै २०२०

*

अगं,

भांडी घासताना ती जे बोलली त्याबद्दल आधी बोलते. लीज, बाबा, गलवान, सगळं त्याच्यानंतर.

‘मी नसते तर’ असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला काय बोलावं ते सुचत नाही. तू गप्प राहिलीस यात तुझं काही चुकलं नाही. पण आता ते तसंच सोडू नकोस. हे वाचशील त्याच दिवशी, ती जागी आणि निवांत असेल तेव्हा, सरळ विचार: ‘परवा तू असं म्हणालीस. जीव द्यायचे विचार मनात येतात का?’ अगदी याच शब्दांत. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती आपल्याकडे फार पक्की बसलेली आहे. ती खरी नाही. यावर झालेल्या अभ्यासांमध्ये तसं आढळलेलं नाही. कुणीतरी स्पष्ट विचारलं याने माणसाला बऱ्याचदा हायसंच वाटतं. मात्र ‘तू असं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ असं विचारू नकोस. त्या प्रश्नाला ‘नाही’ एवढं एकच उत्तर देता येतं.

ती हो म्हणाली तर पुढे विचार, कसं, कधी, काही ठरवलं आहे का. ठरवलं असेल, किंवा गोळ्या वगैरे जमवून ठेवल्या असतील, तर तिला एकटी सोडायचं नाही. तिच्या शेजारी बसून ९११ ला फोन लाव, किंवा तिथल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध लाइनला: १-८००-२७३-८२५५. ही लाइन चोवीस तास चालू असते आणि सोबत राहणाऱ्या माणसालाही तिथे सल्ला विचारता येतो. ‘कुणाला सांगणार नाहीस असं वचन दे’ असं ती म्हणेल. ते वचन देऊ नकोस. ‘तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर मी सांगणार, आणि तुला सांगूनच सांगणार’ एवढं म्हण.

बहुधा ती म्हणेल, मरायचं नाहीये, पण हे सगळं संपावं असं वाटतं. तेही हलकं समजू नकोस. दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचार.

आता ती असं का म्हणाली असेल ते तिच्या बाजूने बघू. २३ जानेवारीला वुहान बंद झालं आणि चिनी नवं वर्ष होतं २५ ला. धनत्रयोदशीला आपलं गाव कुलूपबंद व्हावं, घरचे सगळे आत आणि आपण परदेशात, असे तिचे ते दिवस गेले. घरचे फोनवर रोज बजावत असणार, मास्क लाव. अमेरिकेची सीडीसी, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसंस्था, मात्र ३ एप्रिलपर्यंत सांगत होती की निरोगी माणसाला मास्कची गरज नाही. मास्क लावला तर लोक रोखून बघणार, नाही लावला तर घरच्यांचा जीव टांगणीला. फेब्रुवारीत लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सिंगापूरच्या एका विद्यार्थ्याला, चेहरा चिनी दिसतो म्हणून, कोरोनाचं नाव घेऊन मारहाण झाली. मार्चच्या मध्यापासून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्पच ‘चिनी व्हायरस’ म्हणू लागले आणि गेल्या महिन्यात टल्साच्या सभेत ‘कुंग फ्लू’ म्हणाले. पार्किंगमधल्या त्या माणसाला बळ कुठून मिळालं हे वेगळं सांगायला नको.

एवढं आपल्याला बातम्यांतून कळतं. तिच्या मायदेशाची बाजू आपल्याकडे फारशी पोचत नाही. चीनमधली साथ ओसरू लागली तशी तिथे परदेशातून येणाऱ्यांची धास्ती वाढली. २९ मार्चपासून चीनने नियम केला की एका विमान कंपनीने एका देशासाठी एकच मार्ग चालवायचा, तोही आठवड्यातून एकदा. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांच्या परराष्ट्र खात्याने सांगितलं की परदेशात शिकणाऱ्या सोळा लाख मुलांपैकी चौदा लाखांहून जास्त अजून बाहेरच आहेत. दूतावासांनी त्यांना मास्क आणि औषधांची पाकिटं वाटली. आणि त्याच वेळी चिनी सोशल मीडियावर या मुलांसाठी एक टोमणा फिरत होता, साधारण असा: गाव उभारताना तुम्ही नव्हतात, हजार मैलांवरून विष घेऊन यायला मात्र सगळ्यांत पुढे. परत येणाऱ्यांना लाडावलेली, स्वार्थी मुलं म्हणून हिणवलं जात होतं.

म्हणजे इथला अनोळखी माणूस म्हणतो परत जा आणि तिथला म्हणतो येऊ नकोस. वर ६ जुलैला तुमच्या डोक्यावर तो नियम आला, की सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या आणि १४ जुलैला तो मागे घेतला गेला, पण तो आठवडा तुम्ही दोघींनी कसा काढला असेल! फरक एवढाच की तुला जावं लागलं असतं तर अडकलेल्यांना परत आणणारं भारत सरकारच्या ‘वंदे भारत’ मोहिमेचं विमान तरी होतं. तिला आठवड्याच्या मोजक्या विमानांतली एक जागा शोधायची, ती रद्द झाली की पुन्हा शोधायची, आणि पोचल्यावर चौदा दिवस विलगीकरणात काढायचे. आपण कुणालाच नको आहोत हे तिने कल्पनेतून काढलेलं नाही. तेव्हा ‘असं काही नसतं गं, पॉझिटिव्ह विचार कर’ असं तिला चुकूनही म्हणू नकोस. ‘तुझ्याशी हे फार वाईट वागले’ असं म्हण. ते खरं आहे, आणि खरं कुणीतरी मान्य केलं की माणूस पुढचं बोलतो.

तिची डोकेदुखी आणि पोटदुखी. याकडे मला तुझं खास लक्ष वेधायचं आहे. १९८० च्या सुमारास आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने वुहानच्या शेजारच्याच हूनान प्रांतात, छांगशा शहरातल्या रुग्णालयात, डोकेदुखी, थकवा, झोप न लागणं अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला. नसांच्या अशक्तपणाचं निदान झालेल्या या माणसांपैकी बहुतेकांना खरं तर नैराश्य होतं. मन दुखतंय हे सांगायची सोय नव्हती, म्हणून शरीर सांगत होतं. हे फक्त चिन्यांचं नाही. आपल्या आज्या-आत्या ‘छातीत धडधडतं, जेवण जात नाही’ म्हणत वर्षानुवर्षं फॅमिली डॉक्टरकडे जातच होत्या. तुझ्या मैत्रिणीच्या पिढीने नैराश्याबद्दल वाचलेलं असतं, पण ते आपल्याला झालंय म्हणायला तिलाही जड जातं.

म्हणून दार बदल. काउन्सेलिंगचं नाव काढू नकोस. ‘तीन महिने तुझं डोकं दुखतंय, झोप नाही, आपण स्टुडंट हेल्थमध्ये डॉक्टरला दाखवू’ असं म्हण. याला ती बहुधा नाही म्हणणार नाही. अपॉइंटमेंट तू घेऊन दे. भेट फोनवर किंवा व्हिडिओवर असेल तर तेवढा वेळ घरात थांब. झोप, भूक, आजोबांचं जाणं आणि ‘मी नसते तर’ हे चारही डॉक्टरला सांगायला हवं, असं तिला आधी सांग. तिची तयारी असेल तर एका कागदावर लिहून दे. नैराश्याची तपासणी साध्या डॉक्टरलाही करता येते आणि पुढे कुणाकडे पाठवायचं ते तोच ठरवेल.

त्यानंतर काउन्सेलिंगचा विषय निघाला तर तिच्या मनात तीन भित्या असतील असं धरून चाल: घरी कळेल, विद्यापीठात नाव खराब होईल, व्हिसाला अडचण येईल. तिथे बोललेलं गोपनीय असतं. जिवाला तातडीचा धोका असल्याशिवाय ते आईवडिलांना किंवा प्राध्यापकांना सांगितलं जात नाही, आणि काउन्सेलरकडे गेल्याने विद्यार्थी व्हिसा जात नाही. बऱ्याच विद्यापीठांत सुरुवातीच्या भेटींचे पैसे फीमध्येच धरलेले असतात. मँडरिन बोलणारं कुणी आहे का, हेही विचारायला सांग. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी आजोबांबद्दल रडायचं तर आपल्या भाषेत सोपं जातं. आणि एक व्यवहाराची गोष्ट: अमेरिकेत काउन्सेलरचा परवाना राज्यापुरता असतो. ती उद्या दुसऱ्या राज्यात मैत्रिणीकडे राहायला गेली, किंवा चीनला गेली, तर इथल्या काउन्सेलरला तिच्याशी व्हिडिओवरही बोलता येईलच असं नाही. त्यामुळे जायच्या आधी पुढची सोय विचारून घ्यायला हवी.

ती एकटीच अशी आहे असंही तिला वाटू देऊ नकोस. येल विद्यापीठातल्या १३० चिनी विद्यार्थ्यांची एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यात ४५ टक्के मुलांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त मुलांना विद्यापीठात समुपदेशनाची सोय आहे हेच माहीत नव्हतं. हे साथीच्या कितीतरी आधीचं आहे.

आजोबांबद्दल. वुहानमध्ये त्या दिवसांत गेलेल्या कित्येकांना घरच्यांनी शेवटचं पाहिलंही नाही. अस्थी मिळू लागल्या त्या मार्चच्या अखेरीस. ४ एप्रिलला छिंगमिंग होता, पूर्वजांच्या समाधीवर जाऊन ती झाडून-पुसून घ्यायचा दिवस. सकाळी दहा वाजता चीनभर तीन मिनिटं भोंगे वाजले, पण वुहानच्या दफनभूमींवर जायला ३० एप्रिलपर्यंत बंदी होती. आणि तुझ्या मैत्रिणीला बातमी कळली तीच मुळी एप्रिलमध्ये. आपल्याकडे माणूस गेलं की तेरा दिवस घरात माणसांची वर्दळ असते, कुणी जेवण आणतं, कुणी नुसतं येऊन बसतं. तिच्या वाट्याला एक व्हिडिओ कॉल आला. शिवाय दोन महिने आपण हसत फोनवर बोलत होतो आणि तेव्हा आजोबा नव्हतेच, हे तिला आतून पोखरत असणार. आईवडिलांचा राग येतो आणि राग आला म्हणून अपराधी वाटतं, असंही होत असेल.

त्या आईवडिलांना दोष द्यायला माझं मन होत नाही. एका बंद शहरात स्वतःच्या घरातलं माणूस गेलेलं, आणि मुलगी, तिच्या वयाच्या बहुतेक चिनी शहरी मुलांसारखी कदाचित एकुलती एक, हजारो मैलांवर. त्यांना वाटलं, तिचं तरी नीट होऊ दे. आणि तिनेही पार्किंगमधला प्रसंग त्यांना सांगितलेला नसणार. तू तुझ्या आईला मार्चमधलं किती सांगितलंस? दोन्ही टोकांना माणसं एकमेकांना जपण्यासाठी गप्प आहेत. जिवाला धोका नसेल तर तिच्या परस्पर तिच्या घरी कळवू नकोस. पण तिला एवढं विचारून बघ: ‘मला बरं वाटत नाहीये’ एवढंच आईला सांगितलं तर काय होईल?

तू तिला आजोबांबद्दल विचार. कसे होते, काय करायचे, हिला काय म्हणून हाक मारायचे. फोटो दाखव म्हण. रडली तर रडू दे, लगेच पाणी आणायला उठू नकोस. आणि अजून एक. यंदा २ सप्टेंबरला चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्याची पौर्णिमा आहे, त्यांचा पितरांचा दिवस. पूर्वजांसाठी जेवण ठेवतात, कागदी नोटा जाळतात, पाण्यात दिवे सोडतात. ही आपलीच अनंत चतुर्दशीनंतरची पौर्णिमा, आपलाही पितृपक्ष तिथूनच सुरू होतो. त्या दिवशी काही करावंसं वाटतं का, असं तिला आत्ताच विचारून ठेव. नको म्हणाली तर विषय सोडून दे. सगळी मुलं हे मानत नाहीत. हो म्हणाली तर काय करायचं ते ती ठरवेल, तू तिच्या हाताखाली राहा. (घरात कागद जाळू नका, स्मोक अलार्म वाजेल.)

रोजच्या दिवसाचं सांगते. इंडियानात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा वुहानमध्ये सकाळचे दहा वाजतात. ती रात्रभर जागते ती आळसाने नाही, ती घरच्या वेळेवर जगते आहे. तिला एकदम ‘लवकर ऊठ’ म्हणून उपयोग नाही. तुमचं एक जेवण ठरवून टाक, तिच्या उठण्याच्या वेळेला जमेल असं, आणि त्यातली एक गोष्ट तिने करायची. तिच्या त्या तिळाच्या नूडल्स तिच्याकडूनच शिकून घे. जेवल्यावर उजेड असताना दोघींनी पंधरा मिनिटं चालायला जा. कुणी काही ओरडलं तर वाद घालू नका, तिथून निघून या, आणि घरी आल्यावर विद्यापीठात त्याची तक्रार नोंदवा. मार्चमधल्या प्रसंगाचीही अजून नोंदवता येईल. अशा घटनांची नोंद ठेवण्यासाठी मार्चमध्येच तिथे ‘स्टॉप एएपीआय हेट’ हा उपक्रम सुरू झाला आहे. तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं, पण लिहायला तू बसू शकतेस.

आता बाबा. वीस जवान गेले. सातारा जिल्ह्यात सैन्यात माणूस नाही असं गाव सापडणं कठीण. तुझा आतेभाऊ कुठे तैनात असेल या विचाराने घर झोपत नसेल. बाबांचा राग खोटा नाही, त्याला उलट उत्तर देऊ नकोस. पण घर त्या कारणासाठी बदलू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. गलवानमध्ये काय झालं ते संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीने ठरवलं नव्हतं. चिनी सरकारचा जाब तिच्याकडे मागणारा तो पार्किंगमधला माणूसही हेच करत होता. आपल्याकडे याच मार्चमध्ये मणिपूर-नागालँडच्या मुलांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या, घरमालकांनी घरं सोडायला लावली. ती मुलं तर आपलीच होती. चेहऱ्यावरून हिशेब चुकता करायला लागलं की तो कुठे थांबत नाही. तुमच्या मराठी ग्रुपवर हे एकदा शांतपणे लिही आणि मग चर्चेत पडू नकोस.

तिच्याशी गलवानबद्दल तू आपणहून बोलायची गरज नाही. तिने काढलं तर ‘माझा भाऊ सैन्यात आहे, मला काळजी वाटते’ इतकं सांग. सीमेचा प्रश्न तुम्ही दोघींनी स्वयंपाकघरात सोडवायचा नाही.

शेवटी तू. तुझ्या पत्रात ‘पेलेल असं वाटत नाही’ असं आहे ते मला अगदी बरोबर वाटतं. तू रूममेट आहेस, तिची डॉक्टर किंवा आई नाहीस. तिच्या आणखी दोन माणसांना यात घे: वर्गातली एखादी मैत्रीण, चिनी विद्यार्थी संघटनेतलं कुणी, किंवा तिला बरे वाटणारे प्राध्यापक. तिला विचारूनच. असाइनमेंट राहिल्या असतील तर मुदतवाढ मागणारा मेल तिने पाठवावा, या वर्षी प्राध्यापक ऐकतात. तू स्वतःही एकदा काउन्सेलरशी बोल, त्यासाठी आजारी असावं लागत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ तुझ्यापुरती ठेव आणि तिला तसं सांग.

लीज पूर्ण वर्षासाठी वाढवायची घाई करू नकोस. महिन्या-महिन्याने किंवा डिसेंबरपर्यंत मिळते का ते घरमालकाला विचार. डिसेंबरनंतर वेगळं राहावंसं वाटलं तर राहा, त्यात तिला टाकून गेल्यासारखं काही नाही. फक्त या ३१ जुलैला नको. तिची तीन तिकिटं रद्द झाली आहेत, त्यात आणखी एकाने जाऊ नये असं मला वाटतं.

बाबांना फोनवर पटणार नाही कदाचित. त्यांना आठवण करून दे की ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या दोन विमानांनी वुहानमधून सहाशेहून जास्त भारतीय परत आणले, त्यांत बरीच शिकणारी मुलं होती. त्या मुलांच्या आईबापांना त्या रात्री जे वाटलं असेल, तेच हिचे आईवडील जानेवारीपासून सोसत आहेत, आणि त्यांच्या मुलीजवळ आत्ता तूच आहेस. असं सांगितलंस तर साताऱ्यातल्या एका बापाला ते कळेल असं मला मनापासून वाटतं.

तुझी,
ताई